सातवी ‘ब’ची मतमोजणी

“शोभा पाटील, एक. शोभा पाटील, दोन. शोभा पाटील, तीन.”

मॉनिटर वर्षा चिठ्ठ्या उलगडत होती आणि फळ्यावर रेघा मारत होती. चार उभ्या, पाचवी आडवी. वर्ग टाळ्या वाजवत होता. मी, त्यांचा मराठीचा शिक्षक, खुर्चीत बसून हजेरीपटाची बेरीज जुळवत होतो. मान वर केली तेव्हा बारावी रेघ पडत होती.

गोष्ट नव्वद सालच्या आसपासची, धुळ्यात देवपुरातल्या एका शाळेतली. बायकोची नोकरी जळगावला, मुलंही तिथेच. मी इथे एका खोलीत. शनिवारी एसटीने जायचं, सोमवारी पहाटेच्या गाडीने यायचं. स्टाफरूममध्ये सगळे एकमेकांचे जुने, बरेचसे नातलग. गप्पा रंगल्या की मला कोणाचा मेहुणा कोण तेच कळायचं नाही. म्हणून मी डबा लायब्ररीत खायचो. तिथे पुस्तकं होती, माणूस नव्हता.

तिथेच ती कादंबरी सापडली. मुलांसाठीची. पहिली पानं गळालेली, त्यामुळे लेखक कोण ते मला आजही ठाऊक नाही. दामू नावाच्या मुलाला वर्ग छळतो, त्याच्या शेजारी कोणी बसत नाही, अशी गोष्ट. प्रत एकच, म्हणून शेवटच्या तासाला मी ती मोठ्याने वाचायचो. याला आम्ही अवांतर वाचन म्हणतो. म्हणजे परीक्षेत न येणारं, त्यामुळे मुलं मन लावून ऐकतात. दामू रडला की मुली डोळे पुसायच्या. माझा आवाज फार चांगला लागतो, असा माझा तेव्हा समज झाला.

शेवटचं प्रकरण राहिलं असताना हेडमास्तरांनी गाठलं.

“सर, सोमवारी तपासणी. तुमची उपक्रम वही कोरी आहे.”

धड्यापलीकडे शिक्षकाने काय केलं, ते या वहीत लिहायचं असतं.

“सर, एक प्रकरण वाचून झालं की—”

“प्रकरण राहू द्या. वही भरा.”

शुक्रवारी मी वर्गाला सांगितलं, “आपल्या वर्गातला दामू कोण? चिठ्ठीवर लिहा. स्वतःचं नाव घालू नका.” माझी कल्पना अशी, की लिहिताना मुलांना आपोआप पाझर फुटेल. चिठ्ठ्या मी एकटा वाचणार होतो. पण वर्षाला म्हणालो फक्त “गोळा कर” एवढंच. आमच्या शाळेत चिठ्ठ्या एकाच कामाला निघत, मॉनिटरच्या निवडणुकीला. तिने जूनमध्ये पाहिलं होतं, तसंच केलं.

“वर्षा, पूस ते!”

पुसलं. पण खडूच्या रेघा ओल्या फडक्याशिवाय पूर्ण जात नाहीत.

शोभा एरंडोलजवळच्या खेड्यातली, शिकायला मावशीकडे राहिलेली. “सर, माले समजनं नही,” असं ती एकदा घरच्या अहिराणीत म्हणाली, तर वर्गाने आठवडाभर तिची नक्कल केली. ती शेवटच्या बाकावर एकटी बसायची. मला ती बैठकव्यवस्था वाटली होती. तिने फळ्याकडे पाहिलं, वही दप्तरात घातली आणि घंटेची वाट पाहत बसली.

खोलीवर उरलेल्या चिठ्ठ्या वाचल्या. एकीवर लिहिलं होतं : “सर. ते डबा एकटेच खातात.”

अक्षर शोभाचं. तिच्या वह्या मीच तपासायचो.

शनिवारी ती आली नाही. सोमवारी तपासणीचे साहेब शेजारच्या खोलीत चहा घेत असताना तिचे वडील तिला घेऊन हेडमास्तरांच्या ऑफिसात आले; मी तिथेच होतो.

“दाखला दी टाका, साहेब. पोर म्हनस, माले आठे शिकनं नही.”

“नाना, मुलं चेष्टा करतातच,” हेडमास्तर हळू आवाजात म्हणाले.

“करतस ना. पन फळ्यावर लिखीसन?”

“नाना, चूक पोरांची नाही, माझी आहे,” मी म्हणालो. “तिला ठेवा. मी वर्गासमोर माफी मागतो.”

“तुम्ही मागशात, सर. बसनं तर तिलेच शे ना तठे?”

तिथे बसायचं तिलाच होतं, हे खरं होतं. हेडमास्तरांनी दाखल्याचं बुक काढलं.

व्हरांड्यात मी शोभाला म्हणालो, “तुझी चिठ्ठी वाचली.”

ती चपलेकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, “तुमच्या नावाची एकच होती ना, सर?”

“एकच.”

“मग बरं,” ती म्हणाली आणि वडिलांच्या मागे गेली.

मंगळवारी शेवटचं प्रकरण वाचलं. दामूला मित्र मिळतो. कोणी डोळे पुसले नाहीत. तास संपल्यावर वर्षा टेबलाशी आली.

“सर, मला मॉनिटर राहायचं नाही.”

“रेघा तू मारल्यास, पण प्रश्न माझा होता,” मी म्हणालो. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

चिठ्ठ्यांचा उपक्रम मी वहीत लिहिला होता. साहेबांनी त्यावर शेरा मारला : ‘उपक्रम स्तुत्य. विद्यार्थ्यांचा सहभाग उत्स्फूर्त.’ त्या वर्षी शाळेत एवढा चांगला शेरा दुसऱ्या कोणाला मिळाला नाही.

नव्याने लागलेले शिक्षक मला विचारतात, मुलांना पुस्तक कसं वाचून दाखवावं. मी सांगतो, आवाजाचं नंतर बघू, आधी शेवटच्या बाकावर कोण बसतं ते बघून या.