होकाराची मुदत

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे ‘चौकशी’ म्हणतात. लहानपणी ‘हा फ्रॉक घालू की तो?’ असं विचारून ती आईला, मला, शेजारच्या काकूंना आणि शेवटी दारात आलेल्या पोस्टमनलाही भंडावून सोडायची, तेव्हापासूनचं हे नाव. पुढे ती चष्म्याच्या दुकानात कामाला लागली तेव्हा मी म्हणालो, नशीब काढलंस बाई, आता हेच विचारायचा पगार मिळेल. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एकामागून एक भिंगं धरायची आणि विचारायचं, ‘हे बरं दिसतंय की आधीचं?’ दिवसभर हेच.

काम मात्र चोख. नंबर काढते, भिंगं मशिनवर घासून फ्रेमच्या मापाची करते, कानामागच्या काड्या गरम करून वाकवते. लहान मुलं आली की मग तर खुलतेच. मुलांना नीट सांगता येत नाही, ती कंटाळतात, अक्षरं पाठ करून सरळ थापा मारतात. ही जमिनीवर फतकल मारून बसते, बाहुली नाचवते आणि बोलता बोलता त्यांचे डोळे तपासून टाकते. मुलांच्या नजरेबद्दल पुढे शिकायचं हे वेड तिथूनच तिच्या डोक्यात शिरलं. नोकरी सांभाळून तिने पदव्युत्तर शिक्षणासाठी दोन विद्यापीठांत अर्ज केले. एकात तिला हवा तोच विषय होता. दुसरा अर्ज रुग्णालयाच्या व्यवस्थापनाचा, तो माझ्या आग्रहाखातर. हाताशी एक असू दे, असं मीच म्हणालो होतो.

आणि झालं भलतंच. व्यवस्थापनवाल्यांनीच आधी प्रवेश देऊ केला. दोन आठवड्यांत होकार कळवा, आणि होकार दिलात तर बाकीचे अर्ज मागे घ्या, अशी त्यांची अट. तिच्या आवडीच्या विषयाचा निकाल लागायला अजून दोन महिने होते. आई आणि मी आनंदाने ओरडलो. ती खुर्चीत बसून नुसती नखं खात राहिली.

त्या दिवसापासून तिने घर डोक्यावर घेतलं. कपाट उघडायची आणि कशाला उघडलं तेच विसरायची. चहा गार करून प्यायची, मग पुन्हा नवा टाकायची. येईल त्याला विचारायची. आई म्हणाली, ‘हातात आलेलं सोडू नकोस गं. विषयाचं काय, सवय होते.’ दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या, ‘घेऊन टाक, मोठ्या खुर्चीत बसशील.’

मी लिफ्ट दुरुस्त करतो, आणि मला घोळ घालणारी माणसं सहन होत नाहीत. तिला म्हणालो, ‘लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली की लोक सगळी बटणं दाबत सुटतात. त्याने ती हलत नाही. एक काय ते दाब आणि मोकळी हो.’

‘कुठलं?’

‘होकाराचं! दुसरं कुठलं?’

‘आणि मग तिकडूनही हो आलं तर?’

‘आणि नाही आलं तर? घासत बस मग जन्मभर भिंगं.’

तिचा चेहरा उतरला. मी जरा जास्तच बोललो होतो, पण माघार कोण घेणार!

मुदत संपायच्या आदल्या दिवशी मी चष्म्याचा स्क्रू घट्ट करून घ्यायला तिच्या दुकानात गेलो होतो, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. समोरच्या गल्लीतले शिंपीकाका आत आले. हातात अर्धवट शिवलेला शर्ट, नाकावर हिनेच नुकता करून दिलेला चष्मा.

‘ताई, चष्म्याची तक्रार नाही बरं का,’ ते म्हणाले. ‘माझेच डोळे गेलेत बहुतेक. तेवढे तपासा. कॉलर सरळ बसत नाही, सुईत दोरा जात नाही, डोकं दुखतं ते वेगळंच. मशीन पुतण्याला देऊन टाकावं म्हणतोय.’

तिने चष्मा घेतला, नंबर वाचायच्या यंत्राखाली धरला आणि पांढरीफटक पडली. उजव्या डोळ्याचं भिंग तिने डावीकडच्या मापाने घासून तिकडे बसवलं होतं आणि डाव्याचं उजवीकडे. काकांच्या दोन डोळ्यांच्या नंबरांत बरंच अंतर, त्यामुळे दोन्ही डोळ्यांना सगळंच चुकीचं दिसत होतं. इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. पण त्या दिवसांत तिचं लक्ष तरी कुठे ठिकाणावर होतं?

‘काका, चूक माझी आहे. तुमचे डोळे ठीक आहेत,’ ती म्हणाली. ‘पण तुम्ही लगेच का नाही आलात?’

‘अहो, तुम्हीच म्हणालात ना, नवा चष्मा आहे, वापरत राहा, सवय होईल? मी सवय करत होतो.’

ते रागाने म्हणाले नाहीत. म्हणूनच ते जास्त लागलं असावं. नव्या चष्म्याला बुजणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगते. तिने तिथल्या तिथे दुसरी भिंगं घासून बसवली. काकांनी खिशातून सुई काढली, एका दमात दोरा ओवला आणि हसत निघून गेले. ही मशिनमागे जाऊन रडू लागली.

‘झाली चूक, सुधारलीस, संपलं,’ मी म्हणालो.

‘संपलं कसं? चांगले डोळे असून तो माणूस धंदा बंद करायला निघाला होता, दादा.’

दुसऱ्या दिवशी तिने व्यवस्थापनवाल्यांना नकार कळवला आणि मग आम्हाला सांगितलं. मी आकाशपाताळ एक केलं. तुझं डोकं फिरलंय का, लोक अशा संधीसाठी रांगा लावतात, सगळं बोलून झालं. आईने ताटं वाढली.

‘मला जमलं नसतं असं नाही रे,’ ती म्हणाली. ‘जमलं असतं. तीच भीती वाटली. मी त्यात छान रुळले असते, आणि मुलांच्या डोळ्यांचं मला कधीतरी काही वाटत होतं हेसुद्धा विसरून गेले असते.’

पुढचे दोन महिने तिच्याइतकाच मीही तळमळलो. लिफ्टच्या छतावर उभा राहून हातातला पाना बाजूला ठेवायचो आणि तिला फोन करून विचारायचो, आलं का काही? ती म्हणायची, दादा, काम कर, पडशील.

निकाल आला तो सुट्टीच्या दिवशी सकाळी. ती ओट्याशी फोन घेऊन उभी होती. ‘नाही म्हणालेत,’ एवढंच म्हणाली.

‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य मी दोन महिने तयार ठेवलं होतं, खोटं कशाला बोलू? पण तिच्याकडे पाहिलं आणि मला त्या विद्यापीठाचाच संताप आला. ‘अक्कल नाही त्यांना!’ मी ओरडलो. तशी ती हमसून हमसून रडायला लागली.

आईने तिला जवळ घेतलं. ‘तिकडे हो म्हटलं असतंस तर आज...’ म्हणाली आणि स्वतःच थांबली.

‘तर आज मी इतकी रडले नसते, आई,’ ती म्हणाली. ‘पण मला हेच शिकायचंय.’

आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग मी म्हणालो, ‘पुढच्या वर्षी पुन्हा भर अर्ज.’

‘आणि पुन्हा नाही म्हणाले तर?’

‘मला माहीत नाही,’ मी म्हणालो.

तिने ओढणीने नाक पुसलं. ‘भरते,’ म्हणाली, आणि तोंड धुवायला गेली.