भात मागाल तर झोपावं लागेल

धनवंताबाई रहांगडाले यांनी पहिल्याच भेटीत मला भात नाकारला. गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला शिव्या द्या, त्याच्या बांधावरून बैलगाडी हाका, तो एखाद वेळ विसरून जाईल. पण जेवायला बसवून भात वाढला नाही, तर तो नातवंडांना तुमचं नाव सांगून मरेल. त्यातून मी धानाच्या बियाण्याच्या कंपनीचा माणूस. आठवड्यातून दोनदा नागपूर-रायपूर रस्त्यावर गाडी हाकायची आणि गावोगाव भाताचे गोडवे गायचे, ही माझी नोकरी. मला भात नाही?

बाईंचा ढाबा सडक अर्जुनी सोडून कोहमाऱ्याकडे निघालं की डाव्या हाताला लागतो. पुढे एक जुनी चिंच, तिच्याखाली सात-आठ खाटा, बाजूला त्यांच्या यजमानांचं, भैय्यालालजींचं, पंक्चरचं दुकान आणि मागे घर. भैय्यालालजी दिवसात चार वाक्यं बोलतात, त्यांतली तीन "हाव", म्हणजे हो, एवढीच असतात. बाकीचं बोलणं बाई उरकतात.

त्या दुपारी मी दोन पोळ्या संपवून भाताची वाट बघत होतो. बाई आल्या त्या रिकाम्या हातांनी.

"गाडी कोन चालवून रायलं, साहेब?"

"मीच."

"सौंदड गेलं का मागं?"

"यायचंय अजून," मी ठोकून दिलं.

सौंदड केव्हाच मागे पडलं होतं. त्या गावातून मीच गाडी हाकत आलो होतो, डोळे चांगले उघडे होते, आणि तिथलं एक दुकानसुद्धा मला आठवत नव्हतं.

"मंग भात नाई," बाई म्हणाल्या. "भात पायजे असन तर खाट आहे. भात खा, अर्धा घंटा झोपा, मंग जा. झोपाचं नसन तर आनखी दोन पोळ्या घ्या अन् निंगा."

मी ताडकन उठलो, तोंडाला येईल ते बोललो आणि गाडीकडे गेलो. पुढचं चाक बसलेलं! भैय्यालालजींकडे धावलो, तर ते दुकानाच्या मधोमध बसून म्हणाले, "दुकान दुपारचं बंद आहे." करतो काय? सीट मागे पाडून गाडीतच लवंडलो. उठलो तेव्हा पाऊण तास झाला होता, चाक टुमटुमीत फुगलेलं होतं आणि भैय्यालालजी पैशांना हात लावायला तयार नव्हते. किती भला माणूस, असं मी महिनाभर सांगत फिरलो. पंक्चर मुळात नव्हतंच, बाईंनी व्हॉल्वमध्ये काडी दाबून हवा सोडली होती, हे मला एका ट्रकवाल्यानं सांगितलं, तेव्हा तो हसून हसून खाटेवरून पडायला आला होता. त्याच्या चाकाची हवा तीनदा गेली होती.

ही खोड बाईंना उगाच लागली नव्हती. ढाबा नवा होता तेव्हा त्या भात सढळ हातानं वाढायच्या. घरचा चिन्नोर तांदूळ, त्यावर लाखोळीची डाळ, आणि नको म्हणणाऱ्याच्या ताटात एक डाव जास्त. बिसराम नावाचा एक टेम्पोवाला असाच तीन वेळा भात घेऊन तृप्त होऊन निघाला आणि चार किलोमीटरवर सागाच्या झाडात घुसला. जीव वाचला, पाय मोडला. दोन महिन्यांनी तो कुबड्या टेकत मुद्दाम ढाब्यावर आला आणि हात जोडून म्हणाला, "काय भात होता बाई! अशी झोप मले माझ्या माईच्या घरी नाई लागली." बिचाऱ्यानं मनापासून तारीफ केली होती. बाई मात्र त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मागच्या सीटवरच्यांना हवा तेवढा भात आणि गाडी चालवणाऱ्याला भातासोबत खाट, असा कायदा झाला.

खाट नको असेल त्याला गाडीत झोपायची मुभा होती, पण तीही बाईंच्या तंत्रानं. गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून झोपलेला माणूस दिसला की त्या तोंडाचा पट्टाच सुरू करायच्या. गाडी आत घ्यायची, चिंचेच्या सावलीत लावायची, इंजिन बंद, काचा चार बोटं खाली. थंडगार हवा चालू ठेवून काचा लावून झोपणाऱ्याची तर त्या चावीच काढून घ्यायच्या. "गाडीचा धूर आत भरला तं झोप पुरी होऊन जाईन तुमची, कायमची!" एकटी बाई गाडी घेऊन आली तर तिची गाडी थेट गल्ल्यासमोर, दारं आतून बंद, आणि धनवंताबाई समोर भाजी निवडत बसलेल्या. उठवल्यावर तोंड धुवायचं, चहा प्यायचा, दहा पावलं चालायचं आणि मगच चावी मिळायची. एवढा जाच मी सासुरवाडीतही सोसला नाही. तरी दर खेपेला तिथंच थांबायचो.

आता मुद्द्याचं सांगतो. बाईंची एकुलती एक मुलगी रिंकी. बीएस्सी झालेली, गल्ला सांभाळणारी, आईसारखीच बोलकी. गोंदियाजवळच्या मुर्रीचे लक्ष्मीचंद पटले माझे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या भूपेंद्रचं गोंदियात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. मुलगा माल आणायला आठवड्याला रायपूरला जातो, तो गाडी स्वतः चालवत. हे स्थळ मी सुचवलं. मुलगा येऊन मुलगी पाहून गेला, दोघं तीन महिने फोनवर बोलत होती, आणि भूपेंद्रचा फोन आला की रिंकी सुट्टे पैसे चुकीचे परत द्यायची. आता फक्त त्याच्या आईवडिलांनी येऊन शब्द द्यायचा बाकी होता.

मे महिन्यातली ती दुपार. लक्ष्मीचंदजी आणि त्यांच्या पत्नी योगेश्वरीबाई नागपूरला नात्यातलं लग्न आटोपून, रात्रभर जागून, परस्पर आले होते; गाडी लक्ष्मीचंदजीच चालवत होते. घरात पंगत बसली. पुऱ्या झाल्या, उडदाचे वडे झाले आणि भाताची वेळ आली. धनवंताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. होणाऱ्या व्याह्याला भात नाकारायचा कसा? त्यांनी वाढला. लक्ष्मीचंदजींनी तीन वेळा घेतला.

भैय्यालालजींनी त्या दिवशीचं आपलं एक वाक्य खर्च केलं. "येतानी सौंदडले रस्त्याचं काम दिसलं का, पावने?"

"सौंदड? ते कुठं लागलं? आमी लाखनी सोडली अन् सरळ तुमच्या दारात."

मध्ये साकोलीसारखं गाव गेलं, सौंदड गेलं, आणि हे सरळ दारात! योगेश्वरीबाई ताटातला भात चिवडत राहिल्या. त्यांनी मान वर केली नाही.

"पावने, जरासक खाटेवर आंग टाका," धनवंताबाई जितकं गोड बोलता येईल तितकं बोलल्या. "ऊन उतरू द्या."

लक्ष्मीचंदजींचा चेहराच बदलला. "बाई, बावीस वर्षं झाले गाडी चालवून रायलो. तुमच्या ढाब्याचे किस्से आयकले आहेत मी. हवा सोडता म्हने लोकाईच्या चाकाची! ते ट्रकवाल्याईसाठी ठेवा. अन् माझ्या घरी येनाऱ्या पोरीले असले धंदे जमनार नाईत, आताच सांगून ठेवतो."

संपलं. बाई भाताचं पातेलं उचलून मुकाट्यानं आत गेल्या.

योगेश्वरीबाई उठून गाडीत जाऊन बसल्या. आम्ही पुरुष सुपारी कातरत बसलो. मी हात धुवायला मागे गेलो तर धनवंताबाई स्वयंपाकघराच्या दाराशी हातात काडी घेऊन उभ्या.

"दोनदा चाकापाशी जाऊन आली, साहेब. आज माझ्यानं होत नाई. पोरीचं लगन मोडन."

"जाऊ द्या हो," मी म्हणालो. "मुर्री तासाभराचा तर रस्ता."

"बिसराम चार किलोमीटरवर गेला होता," बाई म्हणाल्या. त्यांनी काडी मोडून चुलीत टाकली आणि पदरानं डोळे पुसले. मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी खरं तेच सांगतो. स्थळ मी जुळवलं होतं, मोडलं असतं तर मुर्रीत मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. माणसाचा जीव आणि आपली अब्रू समोरासमोर आली, आणि मी अब्रूच्या बाजूनं बोललो. त्याची लाज मला आजही वाटते.

पाचच मिनिटांत बाहेरून लक्ष्मीचंदजींची आरोळी आली. डावीकडचं मागचं चाक पार जमिनीला टेकलं होतं.

"कोनं सोडली हवा?"

धनवंताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. दोघांनाही वाटलं, दुसऱ्यानं केलं.

"मी सोडली," दोघं एकदमच म्हणाले.

"एका चाकाची हवा दोघं मिळून सोडता? काऊन, एकट्याले भारी जाते का?" लक्ष्मीचंदजींनी चाकाला लाथ घातली. "भरून द्या! आता! अन् हे लगन इथंच खतम समजा!"

रिंकी गल्ल्याशी उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. भैय्यालालजी मात्र शांतपणे म्हणाले, "लाइन नाई. हवेची मशीन बंद आहे." त्यांच्या डोक्यावर पंखा गरगरत होता. लक्ष्मीचंदजींनी पंख्याकडे पाहिलं. "मी खाटेवर येनार नाई," एवढं बजावून ते गाडीत बसले आणि काचा लावून इंजिन चालू केलं.

आता गमवायला काही उरलं नव्हतं, तेव्हा धनवंताबाईंना कंठ फुटला. दार उघडून त्यांनी सरळ चावी काढून घेतली. "काचा खाली करा आधी! सावली आहे, वारा आहे. सीट मांगं घ्या."

"मी झोपनार नाई."

"नका झोपू. मांगं तर घ्या."

त्यांनी सीट मागे घेतली आणि दोन मिनिटांत घोरू लागले. पण त्यांच्याही आधी बाजूच्या सीटवर योगेश्वरीबाई झोपल्या होत्या, मान एका बाजूला टाकून, तोंड किंचित उघडं, लेकरासारख्या. भैय्यालालजींनी ढाब्यावरच्या ट्रकवाल्यांना भोंगा वाजवायची बंदी केली आणि मशीन बंद ठेवायची म्हणून एका मोटारसायकलवाल्यालाही दीड तास बसवून ठेवलं. धनवंताबाई चिंचेखाली माशा हाकलत बसल्या. मोडलेल्या लग्नाच्या व्याह्याला वारा घालणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

चार वाजता लक्ष्मीचंदजी जागे झाले. तोंड धुतलं, चहा घेतला. डोळे स्वच्छ झाले होते, पण राग तसाच होता. फरक इतकाच, की आता तो थंड डोक्याचा होता, आणि तो जास्त वाईट. चाकात हवा भरून झाल्यावर ते म्हणाले, "निंगतो आमी. कळवू."

लग्नाच्या बोलणीत "कळवू" म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत असतं. रिंकी आत जायला वळली.

"कायले कळवता? इथंच सांगाचं आहे मले," गाडीतून आवाज आला. योगेश्वरीबाई आल्यापासून पहिल्यांदाच बोलत होत्या. त्या खाली उतरल्या, पदर सारखा केला आणि रिंकीकडे बोट दाखवलं. "हवा ना बापानं सोडली, ना माईनं. या पोरीनं सोडली. मी गाडीत बसून होती, आरशात पायलं. तिनंबी मले पायलं. मले वाटलं, आता पळन. नाई पळाली. पुरी हवा गेल्यावरच उठली."

धनवंताबाई मटकन खाटेवर बसल्या. रिंकी म्हणाली, "हाव. मीच सोडली. आईले भेव लागून रायलं होतं." आणि मग तिला रडू कोसळलं. "मालूम होतं मले, लगन मोडन म्हनून. पन तुमी दोघंबी गाडीत होते ना."

योगेश्वरीबाईंनी तिला जवळ घेतलं. "गाडी घेतली तेव्हापासून मी याईच्या बाजूले बसतो. एक डोळा रस्त्यावर, एक याईच्यावर. बावीस वर्षांत गाडीत माझा डोळा लागला नाई, आज लागला. अन् माझा भूपेंद्र बापासारखाच आहे, भात खाऊन रायपूरले जाते. त्याच्या बाजूले मले हेच पोरगी पायजे. शब्द दिला मी. तुमाले कळवाचं असन तं कळवत बसा."

लक्ष्मीचंदजी बायकोकडे वळले. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"बावीस वर्षं? मंग एकदाबी मले बोलली काऊन नाई तू?"

"बोलली ना," योगेश्वरीबाई म्हणाल्या. "तुमी झोपून होते."