शिरस्तेदारांनी राखून ठेवलेला निकाल

माझ्या मोठ्या दिरांनी पुराव्याशिवाय आयुष्यात एकच गोष्ट केली असेल, ती म्हणजे जन्म घेणं. आणि तेही त्यांना पुढे खटकलं असावं. कोर्टात शिरस्तेदार म्हणून जन्म गेलेला. गवळी म्हणाला, म्हैस आजारी आहे, की दादा विचारणार, "कोणी पाहिली?" माझी पत्रिका आली तेव्हा त्यांनी विचारलं, "जन्मवेळ कोणाच्या घड्याळातली?" शेजाऱ्यांच्या, असं कळल्यावर म्हणाले, "म्हणजे मुलगी ऐकीव." तरी लग्न झालं, कारण मी समक्ष हजर होते.

निवृत्त झाल्यावर त्यांनी येशू ख्रिस्त खरोखर होऊन गेला का, हे प्रकरण चालवायला घेतलं. प्रतिपक्ष म्हणजे मरोळ गावठाणातला त्यांचा जिवलग मित्र इनास. दर रविवारी इनास चर्चमधून परतायच्या आत दादा अंधेरीहून भातखाचरांच्या बांधाबांधानं चालत त्याच्या ओट्यावर हजर. काखेत लायब्ररीतली जाडजूड इंग्रजी पुस्तकं. शिष्यांची साक्ष नामंजूर, कारण ते घरचे लोक. "चार शुभवर्तमानं, चार जबान्या, आणि एकीचा दुसरीशी मेळ नाही!" इनास म्हणाला, "अरे, चौघं सारखंच बोलले असते तर म्हणाला असतास, पढवलेत!" त्या दिवशी दादा आमटी घ्यायची विसरून कोरडा भात जेवले. "मुद्दा बिनतोड आहे," एवढंच बोलले. पण निकाल? राखून ठेवलेला. अशी सहा वर्षं.

मग इनासला छातीच्या दुखण्यानं धरलं आणि डॉक्टरांनी हात टेकले. मी पेज घेऊन दादांबरोबर गेले. इनास म्हणाला, "शिरस्तेदारा, आता पुढची तारीख नको. होता का रे तो?" त्याच्या बायकोचे जपमाळेवरचे हात थांबले. मी दादांकडे डोळे वटारून पाहिलं. हा माणूस मरणाऱ्यालाही 'पुरावा अपुरा' म्हणून सांगायला कमी करणार नाही.

दादांनी चष्मा पुसला. "एका रोमन इतिहासकारानं लिहून ठेवलंय, आमच्या सुभेदारानं त्याला देहदंड दिला म्हणून. त्या लेखकाला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा होता. म्हणजे विरोधकाची कबुली. होता."

"आणि मेल्यावर तिसऱ्या दिवशी उठला, ते?"

दादांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "त्याला माझ्याकडे साक्षीदार नाही, इनास. तू जातोयस, तू बघ. आणि मला कळव."

इनास खोकला येईपर्यंत हसला. त्याच आठवड्यात गेला.

त्याला पुरल्यावर तिसऱ्या दिवशी दादा सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसले. जेवायला दोनदा हाक मारली. "थांब जरा," म्हणाले, नजर रस्त्यावर. एरवी मी ऐकून घेतलं नसतं. त्या दिवशी त्यांचं पान झाकून ठेवलं आणि सुपात तांदूळ घेऊन शेजारी निवडत बसले.