टेबलाची न सुकलेली कड

वसतिगृहाच्या हजेरीपटावर त्यांचं खरं नाव होतं, पण ते कुणी वाचत नसे. मुली त्यांना निपटबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण ऐकू जाईल इतपत मोठ्यानं. एकतीस वर्षं बाईंनी त्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या काढली आणि एकही पातेलं उलथन्यानं तळ आणि कडा निपटून घेतल्याशिवाय घासायला टाकलं नाही. दोन मुलींचं जेवण तेवढ्यातून निघतं, असं त्या म्हणत, आणि निघायचंही.

निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्यापाशी दोनच गोष्टी उरल्या: दुखरे गुडघे आणि सून. मुलानं तीन वर्षांपूर्वी दुसरीकडे संसार थाटला. त्याच्यावर याहून जास्त शाई खर्च करण्यात अर्थ नाही. सून मात्र गेली नाही. का गेली नाही, ते बाईंनी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. दोन खोल्या, दोन बायका, मध्ये टीव्ही. सून एका दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. घरी यायची ती इतकी दमून की ताट मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसायची, पाच मिनिटांत जेवण उरकायची आणि भिंतीकडे तोंड करून आडवी व्हायची.

एके दिवशी तिचं फोनवरचं बोलणं कानावर पडलं. दुसऱ्या गावी मोठी लॅब, राहायला खोली, महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत कळवायचं. सून म्हणाली, "विचार करून सांगते." बाई भाजी चिरत होत्या, त्या चिरतच राहिल्या. जाऊ नकोस, हे शब्द त्यांच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. मुलगा बॅग भरत होता तेव्हाही त्या डबे घासत होत्या.

त्याऐवजी त्यांनी टेबल करायचं ठरवलं. टेबल असलं की माणसं समोरासमोर बसतात, बसली की बोलतात आणि बोलायला लागलेलं माणूस एवढ्यात उठत नाही, असा त्यांचा होरा. सुनेला सांगितलं, "गुडघ्यांसाठी करतेय. खुर्चीत ताट धरून हात भरून येतो."

फळी होती. वसतिगृहात स्टीलचे ओटे आले तेव्हा जुनी वाढपाची फळी मधोमध तडकली म्हणून फेकून देणार होते. बाईंनी ती हातगाडीवर घालून घरी आणली होती. दोन बोटं जाड, पाच फूट लांब. तडा एवढा रुंद की फळीचे दोन तुकडेच झाले होते. अशा तड्यात रेझिन ओततात, ते काचेसारखं घट्ट होतं आणि टेबल आणखी देखणं दिसतं, हे त्यांनी मोबाईलवर पाहिलं. पाहिलं म्हणजे अकरा वेळा पाहिलं.

रंगाच्या दुकानदारानं दोन डबे पुढे ठेवले. "मावशी, याचे दोन भाग, त्याचा एक. हा काही स्वयंपाक नाही, अंदाजानं चालायचा नाही."

"तीनशे पोरींना अंदाजानंच जेवू घातलंय मी."

"पोरी बिचाऱ्या बोलल्या नसतील. हे बोलेल. निळा रंग देऊ? सगळे निळाच नेतात, नदीसारखा दिसतो."

"घरात नदी कशाला? पुसत कोण बसणार? चहाचा रंग दे."

मागच्या खोलीत काम सुरू झालं. दोन्ही तुकडे घासता घासता पॉलिश पेपरचा गठ्ठा संपला. गुडघ्यावर बसता येईना, म्हणून बाई पालथ्या बादलीवर बसायच्या. खालून टेप लावला, कडांना पट्ट्या ठोकल्या. पहिल्यांदा ओतलं तेव्हा टेपच्या एका सुरकुतीतून रेझिन गळलं आणि फरशीवर चहाच्या रंगाचं थारोळं झालं. ते आजही तिथंच आहे, पटाशीनंही निघालं नाही. सून दारात येऊन उभी राहिली, बघितलं, म्हणाली, "मदत करू?"

"तू पड जा. दमली असशील."

ती गेली, पडली. हवं होतं ते समोर चालत आलं आणि बाईंनी ते स्वतःच परत पाठवलं. असल्या बाबतीत त्या पहिल्यापासून अशाच.

टेप नव्यानं लावल्यावर पहिला थर बसला. दुसऱ्या दिवशी दुसरा. घड्याळ लावून दहा मिनिटं ढवळलं. खांदा निखळायचा तेवढा बाकी होता. सुनेच्या केस वाळवायच्या यंत्रानं वरचे बुडबुडे घालवले. फळीच्या एका टोकाला थर जरा कमी वाटला, तेव्हा बाईंनी भांडं तिथं उपडं धरलं आणि चपट्या पट्टीनं कडा आणि तळ स्वच्छ खरवडून घेतला. भांडं कोरं झालं. त्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सगळं टेबल कडक. फक्त ते टोक, तळहाताएवढं, बोट लावलं की चिकटायचं. नेमकं जिथं सुनेची खुर्ची मांडायची होती तिथलं. बाईंनी दोन दिवस वाट पाहिली. चार दिवस त्यावर दिवा तापत ठेवला. आठव्या दिवशी तणतणत दुकानात गेल्या.

"माल जुना दिलास."

"जुना असता तर सगळं टेबल चिकटलं असतं, मावशी. नीट ढवळलं होतं ना?"

"ढवळायचं मला शिकवू नकोस."

"नाही शिकवत," दुकानदार म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

शुक्रवार उजाडला. टेबल अजून तसंच, पाय लावायचे बाकी. आणि उद्या शनिवार. बाई दुपारभर बादलीवर बसून त्या कडेकडे बघत राहिल्या. कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगताही आलं नसतं की नक्की काय वाळत नाहीये.

संध्याकाळी सून आली. हातपाय न धुताच मागच्या खोलीत शिरली आणि त्या कडेवर बोट दाबून बोटाचा ठसा बघत राहिली.

"आई, भांड्यात किती उरलं होतं?"

"उरलं? माझ्या हातून कधी काही उरलंय?"

"तेच झालंय." ती खाली फरशीवर बसली. "भांड्याच्या कडेला लागलेलं नीट मिसळलेलं नसतं. लॅबमध्ये पहिल्या दिवशी सांगतात, निपटायचं नाही, उरलेलं टाकून द्यायचं. मीही एकदा निपटलं होतं. एका आजोबांच्या कवळीत दोन दात हलत राहिले."

बाईंना हसू आलं आणि लगेच थकवाही. "म्हणजे हे वाळणारच नाही?"

"वर्षभर थांबलात तरी नाही. खरवडून काढायचं, स्पिरिटनं पुसायचं, परत भरायचं."

पटाशी होतीच. सून एका बाजूनं, बाई दुसऱ्या बाजूनं. मऊ पापुद्रे निघत होते, बोटांना चिकटत होते.

"उद्या कळवायचंय ना त्यांना?" बाई म्हणाल्या.

सुनेचा हात थांबला. "तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"मी मंगळवारीच हो म्हटलं, आई. तुम्हाला कसं सांगू, ते कळत नव्हतं."

बाईंनी पटाशीला चिकटलेला पापुद्रा ओढून काढला. "जाऊ नकोस, असं म्हणायचं होतं मला. म्हणून हा सगळा उपद्व्याप."

"मग म्हणायचं ना."

"म्हटलं असतं तर राहिली असतीस?"

सुनेनं बोटं चिंधीला पुसली. खोटं बोलायचा तिचा स्वभाव नव्हता, आणि त्या घरात तेवढं तरी शिल्लक होतं. "नाही. इथं मी अजून त्याची बायको आहे. शेजारची बाई जिन्यात भेटली की आधी त्याची चौकशी करते, मग माझी. मला एकदा एकटीनं राहून बघायचंय. तुमचा राग नाही."

"माझा असता तरी चाललं असतं," बाई म्हणाल्या. "निदान काही करता आलं असतं."

त्या रडल्या नाहीत. भिंतीला टेकल्या आणि पाय लांब केले, गुडघे कटकन वाजले. सुनेनं सवयीनं हात पुढे केला आणि उजवा गुडघा चोळायला लागली. हाताला रेझिन होतं, साडीला लागलं. दोघींनी पाहिलं, सून चोळतच राहिली.

"कधी निघणार?"

"पंधरा तारखेला."

"म्हणजे पाय लावून होतील. तू धर, मी स्क्रू पिळते."

"उद्या मला सुट्टी आहे. सकाळीच ओतूया?"

"उद्या नको," बाई डोळे मिटत म्हणाल्या. "उद्या मी झोपणार आहे."