आर्डिथने टाकलेले चेंडू

आर्डिथ व्होंड्रा शाळेची बस चालवायची. नेब्रास्कातल्या त्या गावात शाळेचे सामने बाहेरगावी असले की संघालाही तीच घेऊन जायची. आवाज खणखणीत, हात भक्कम आणि तोंडाला कुलूप ठाऊक नाही. कुणी कोलाचे नावाच्या गोड पावातला जर्दाळूचा मुरंबा सीटला पुसला, तर ती बस रस्त्याच्या कडेला थांबवून त्याच पोराच्या हातात फडकं द्यायची. पोरं तिला टरकून असायची आणि आपल्या वाढदिवसाला तिला न चुकता बोलवायची.

तिचा मुलगा कोल्बी शाळेच्या बेसबॉल संघात कॅचर होता, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू झेलणारा. नवरा लॉन मालगाडीवर, सदा बाहेर. त्यामुळे कोल्बी लहान असल्यापासून संध्याकाळी त्याला बॅटिंगसाठी चेंडू टाकायचं काम आर्डिथकडेच आलं. सुरुवातीला तिचे चेंडू कुंपणापलीकडे शेजाऱ्याच्या टोमॅटोत जायचे. पुढे हात असा बसला की गावभरच्या गप्पा मारता मारता ती हवा तिथे चेंडू टाकू लागली.

शाळा संपत आली, तसा कोल्बीला कॉलेजकडून खेळायचा ध्यास लागला. कॉलेजचे कोच काही इतक्या आडगावी येत नाहीत. त्यांना व्हिडिओ पाठवायचा. पसंत पडला तर ते बोलावतात. आर्डिथने शेजारच्या व्हर्जिल टेसारला गाठलं. व्हर्जिल लग्नांचे व्हिडिओ काढायचा आणि या कामात आख्ख्या जिल्ह्यात आपला हात धरणारा कुणी नाही, असं त्याचं स्वतःचं मत होतं.

व्हर्जिलने त्यात जीव ओतला. मावळता सूर्य, हेल्मेट काढून केस झटकणारा कोल्बी, हवेत सावकाश तरंगणारा चेंडू आणि मागे व्हायोलिन. पाहताना आर्डिथचे डोळे भरून आले. कोल्बी कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"मिस्टर टेसार, यात माझं लग्न कुणाशी लागतंय?"

"गप रे!" आर्डिथ म्हणाली. "किती देखणा दिसतोयस!"

व्हिडिओ गेला. आठवड्यांमागून आठवडे गेले, पण कुठून हूं की चूं नाही. शेवटी एका सहायक कोचने दोन ओळी धाडल्या : 'सूर्यास्त फार सुंदर आहे. मुलगा चेंडू कसा फेकतो, ते मात्र दिसलं नाही.'

आर्डिथने ते उभ्या बसमध्ये बसून वाचलं. आधी ती खो खो हसली, मग तिला राग आला, आणि त्या रागातच ती व्हर्जिलच्या दारात जाऊन उभी राहिली.

"कॅमेरा उचल, व्हर्जिल. आणि ते व्हायोलिन घरी ठेव."

"त्या व्हायोलिनला लोक रडतात, आर्डिथ!"

"कोच रडून पोरं घेत नाहीत. बघून घेतात."

शनिवारी सकाळी तिघं शाळेच्या मैदानावर गेले. आधी कोल्बीची फेक. उकिडवं बसायचं, चेंडू हातमोज्यात आला की उसळून उठायचं आणि थेट दुसऱ्या बेसवर फेकायचा. व्हर्जिलने कॅमेरा तिपाईवर ठेवला आणि जराही हलवला नाही. त्याला ते फार जड गेलं.

मग बॅटिंगची वेळ आली. चेंडू टाकायला येणार होता तो पोरगा तापाने झोपलेला. टाकणाऱ्यापुढे उभी करायची जाळीही वादळात फाटली होती. आर्डिथने केस टोपीत खोचले आणि चेंडूंची बादली उचलली.

"आई, नको ना," कोल्बी कुजबुजला. "कोच बघतील. म्हणतील, ह्याला आई चेंडू टाकते."

"मग काय शेजारीण टाकणार? हो उभा."

तिने टाकायला सुरुवात केली. कोल्बी मारत होता, पण सगळे फटके कडेकडेने, मऊ मऊ. आर्डिथच्या लगेच ध्यानात आलं. जाळी नव्हती आणि आई समोर उभी होती, म्हणून पोरगा सरळ मारायलाच तयार नव्हता. ती भडकलीच.

"मला काय काचेची समजतोस? मार सरळ! नाहीतर ही बादली घेऊन मी घरी चालले!"

पुढचा चेंडू कोल्बीने असा काही मारला की बॅटचा आवाज रस्त्यापलीकडे गेला. चेंडू सणाणत आला आणि आर्डिथच्या नडगीवर बसला. ती मटकन खाली बसली. तोंडातून असे शब्द निघाले, की बसमध्ये कुणी उच्चारले असते तर तिने त्याला पायी घरी धाडलं असतं. कोल्बी बॅट टाकून धावला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई! मोडलं का गं? मी म्हटलं होतं ना!"

आर्डिथने पाय चोळला, त्याच्या खांद्याला धरून उठली आणि ओरडली, "व्हर्जिल! आला का हा फटका?"

"आला. तुझ्या शिव्यांसकट आला."

घरी नडगीवर बर्फ बांधून ती पाहायला बसली. व्हर्जिल तेवढा तुकडा कापायला निघाला, पण कोल्बीने त्याचा हात धरला. "राहू द्या. इतका चांगला फटका मी दुसरा मारलेला नाही." शेवटी व्हर्जिलने फक्त आवाज बंद केला आणि व्हिडिओ कॉलेजांना धाडला.

दहाएक दिवसांनी आर्डिथचा फोन वाजला. कॅन्ससमधल्या एका लहानशा कॉलेजचे कोच होते.

"त्या चेंडू टाकणाऱ्या बाईंचा पाय कसा आहे?"

"बरा आहे. त्याच पायाने सकाळी बस चालवली."

पलीकडे हसू फुटलं. "आवाज नव्हता, पण तुम्ही काय म्हणालात ते ओठांवरून कळलं, मॅडम. मुलाला घेऊन या. त्याची फेक मला समोर उभं राहून बघायचीय."

कोल्बीला तिथे प्रवेश मिळाला. पहिलं वर्षभर तो बाकावरच बसला. फोनवर कुरकुरायचा, घरी येतो म्हणायचा. आर्डिथ म्हणायची, "ये की. व्हर्जिलला मदतनीस हवाच आहे, लग्नात दिवे धरायला." मग तो पुन्हा सरावाला जायचा.

दुसऱ्या वसंतात त्याला खेळायला मिळालं. आर्डिथ आणि लॉन दिवसभर गाडी हाकत गेले. पहिल्या खेपेला कोल्बी बाद झाला. दुसऱ्या खेपेला त्याने चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या डोक्यावरून सरळ फटका मारला आणि पहिला बेस गाठला. आर्डिथ कुंपणापाशी अशी ओरडली, की पंचाने वळून पाहिलं.

सामना संपल्यावर तिघांनी गाडीत बसून बर्गर खाल्ले. कोल्बी शेवटचा घास तोंडात असतानाच आईच्या खांद्यावर झोपी गेला. केवढा थोरला झालेला. गुडघे पुढच्या सीटला टेकलेले. त्याला वसतिगृहावर सोडायला लॉनने किल्लीला हात घातला.

"थांब जरा," आर्डिथ म्हणाली. "झोपू दे त्याला."