सीटमागची टाकी

आमच्या जुन्या पिकअपची पेट्रोलची टाकी केबिनमध्ये होती, ड्रायव्हरच्या सीटमागे, थेट पाठीला टेकून. गेल्या वेळच्या पासिंगला मी तिच्यापुढे शेणखताची पोती रचून ठेवली होती. यंदा आरटीओच्या साहेबांनी पोती उतरवायला लावली, आत डोकं घातलं आणि त्याहून वेगाने बाहेर काढलं. "टाकी मागे हौद्याखाली घ्या, मग या," म्हणाले आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली.

खारघरला राहणाऱ्या माझ्या मुलाला हे कळलं तेव्हा त्याच्या आवाजातला आनंद लपत नव्हता. "आई, त्या तारखेला झाली पास तर चालव. नाही झाली तर भंगारात. आणि माझी गाडी मागायची नाही." त्याची गाडी बटणावर चालते, ती मला येत नाही. मला हीच एक येते. नर्सरीची कलमं आणि कुंड्या घेऊन पेण-उरणपर्यंत हिच्यावरच फिरले. ही गेली की मी रिक्षाला हात करणारी बाई होणार.

गाडी मेस्त्रीकडे नेली. त्याने सीट काढली आणि कंबरेवर हात ठेवून उभाच राहिला.

"आजी, ही टाकी आत कोनच्या येड्यानं बसवली?"

"काय माहीत बाबा," मी म्हटलं. "जुनं काम आहे."

तो येडा म्हणजे मीच. तिशीतली मी. पेट्रोल भराभर संपायचं, म्हणून ड्रायव्हर नळी लावून काढतो असं मी ठरवून टाकलं होतं. तो बिचारा म्हणायचा, "बाई, टाकी गळते." मी त्याला चार माणसांत सुनावलं, "टाकी नाही, तुझी नियत गळते." हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना ऐकवत होते. टाकी हौद्याखालून काढून केबिनमध्ये आणवली, वरून जाड पत्र्याची पेटी ठोकवली, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्राशेजारी लटकवली. रोज सकाळी डॅशबोर्डवर उदबत्ती लावायचे, मागे टाकीभर पेट्रोल. देवाला मी कामाला लावलं होतं ते असं.

चोरी थांबली. महिन्याभरात ड्रायव्हरनेच नोकरी सोडली. मी म्हटलं, बघा.

तर आता ती पेटी निघेना. पेट्रोलच्या वाफेपाशी गॅस कटर चालत नाही, त्यामुळे मेस्त्री हाताने करवत चालवत बसला. तीन दिवस. दर दहा मिनिटांनी एक शिवी, आणि सगळ्या त्या येड्याला.

"पत्रा बगा कसला घेतलाय. बँकेची तिजोरी करायची व्हती काय याला?"

"मूर्खच असणार," मी स्टुलावर बसून म्हणायचे.

"आनि इकडं बगा, बोल्टांची डोकी पन घासून टाकलीत. कोनी खोलू नये म्हनून."

तीही माझीच आज्ञा. त्या बाईच्या डोक्यात एवढ्या कल्पना कुठून यायच्या, कोण जाणे. एकही कामाची नव्हती.

चौथ्या दिवशी टाकी बाहेर आली. तर हौद्याखालच्या तिच्या मूळ जागी झाडांसाठीचा पाण्याचं पिंप पट्ट्यांनी आवळून बसवलेलं. कोणी बसवलं हे मेस्त्रीने विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. पिंप काढण्यात आणखी दोन दिवस गेले. मुलाचा रोज फोन, "भंगारवाल्याचा नंबर पाठवू का?"

मग टाकी धुवायची म्हणून मेस्त्रीने तिच्यात पाणी भरून ठेवलं. दुपारी पाहतो तर खालच्या जोडातून पाण्याची धार. आता जोड बुजवायला टाकीला डाग द्यायचा, म्हणजे ती आधी पुरती वाळवायची, आणि तारीख चार दिवसांवर. मी कपाळाला हात लावला. मेस्त्री मात्र उकिडवा बसून जोड नखाने खरवडत होता. बोट नाकाशी नेऊन म्हणाला, "साबन हाय."

"साबण?"

"कपड्याचा. गळत्या टाकीला डायवर लोक लावतात. पेट्रोलमंदी तो इरघळत नाय, पान्यात इरघळतो. वरनं रंग पन मारलाय त्यानं, झ्याक काम. शाना मानूस व्हता. मालकाला सांगितलं नसंल काय?"

मेस्त्रीच्या हातातला तो पांढरट चिकट गोळा बघत राहिले. मी टाकी आत आणवली तेव्हाच त्या ड्रायव्हरने जातायेता हे करून ठेवलं होतं. पेट्रोल त्यामुळे टिकलं, आणि मान मी घेतला.

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "मालकीण येडी होती. ती पेटी, ते कुलूप, ते पिंप, सगळं तिचंच."

मेस्त्रीने बराच वेळ हात पुसले. "माज्या लक्षात आलं व्हतं," म्हणाला. "तुमी लय मान हालवत व्हता."

चार दिवसांत डाग, रंग, नवे पट्टे, नवा पाईप. साहेब हौद्याखाली वाकले, टाकीवर बोटाने टकटक केलं आणि सही केली. मुलाला फोन केला, तो फक्त "बरं" म्हणाला.

पासिंगच्या मैदानात गाडी मेस्त्रीनेच आणली होती, बाहेर काढायला मी चढले. पाय सोडले तर क्लच लागेना. टाकी गेली म्हणून मेस्त्रीने सीट वीतभर मागे, तिच्या मूळ जागी नेऊन पक्की केली होती.

"आता बराबर बसलीय सीट," तो खिडकीतून म्हणाला. "आजी, सरका, मी घेतो घरापर्यंत."

मी सरकले. चिडचिड झाली, पण सरकले. घरी आल्यावर त्या सीटवर पाठीमागे ठेवायला मापाचा लोड शिवायला घेतला आहे, मागे दोन बंद लावून. वरचं कापड जाड आहे, सुई आत शिरत नाही.