इतिवृत्तातले एक नाव

हे सांगणे मी कित्येक वर्षे टाळले. कोणी आमच्या समितीबद्दल विचारले की गांजाची टपरी कशी बंद झाली एवढे सांगून मी विषय बदलत असे. जिच्यामुळे ती टपरी बंद झाली, ती बाई गेल्या हिवाळ्यात चाळीसगावला वारली. आता लिहितो आहे. उशीर झाला आहे हे मला कळते.

ऐंशीचे दशक सरत आले होते. धुळे जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात मी शाळामास्तर होतो. पानटपरीवर गांजाच्या पुड्या मिळू लागल्या, आणि मागोमाग विहिरींवरच्या मोटारी, केबली चोरीला जाऊ लागल्या. तालुक्याचे फौजदार म्हणाले, पोलिसांना गावाशिवाय जमणार नाही आणि गावाला पोलिसांशिवाय. म्हणून दोघांची मिळून समिती झाली. सरपंच, उपसरपंच, पोलीस पाटील, महिला मंडळाच्या अक्का आणि आणखी दोघे. सातवा मी. अक्षर बरे म्हणून इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

मी सगळे लिहीत असे. सरपंच आबा म्हणायचे, "मास्तर, कोनी शिंकलं तरी तुम्ही वहीत घ्याल!"

एक दिवस शाळा सुटल्यावर ती बाई आली. तिचा नवरा गांजापायी कामातून गेला होता, आणि माल ठेवणारा त्याचाच थोरला भाऊ होता. ती उंबऱ्याबाहेरूनच बोलली. "खळामा, कडबाना खाले शे बठ्ठं. पन मास्तर, मनं नाव कोठेच येवाले नको. त्याच घरमा ऱ्हावानं शे माले."

मी शब्द दिला.

बैठकीत मी माहिती सांगितली, आणि फौजदारांनी विचारले म्हणून नावही सांगितले. उपसरपंच त्या दिवशी गैरहजर होते. तिच्या थोरल्या दिराचे ते साडू. फौजदार म्हणाले, "नाव लिहू नका, मास्तर." मी मान हलवली आणि घरी येऊन लिहिले. एवढे धाडस कोणी केले, हे कागदावर राहावे असे मला वाटले. वाचताना वगळू, असे ठरवले होते.

छाप्यात खळ्यातल्या कडब्याखाली गांजाची पोती सापडली. पुढच्या बैठकीला सगळे खुशीत होते, उपसरपंचही आले होते. पहिला विषय नेहमीचा, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वीस वर्षे शाळेच्या सभांत मी हेच करत आलो होतो. त्याच एका सुरात वाचत गेलो आणि तिचे नाव वाचून पुढच्या ओळीवर गेलो. फौजदारांनी वहीवर हात ठेवला तेव्हा मला कळले. उपसरपंच उठले. "चहा राहू द्या, आबा. माले काम शे," म्हणाले आणि चपला घालून गेले.

दुसऱ्या दिवशी तिचे गाठोडे अंगणात पडले होते. नवरा ओट्यावर बसून होता, उठला नाही. ती चाळीसगावला बहिणीकडे गेली.

फौजदार चिडले. वरून विचारणा होईल, समिती मोडेल, अशी सगळ्यांना धास्ती. आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिहा मास्तर, बाईच बायांमधी बोलली." अक्का पुटपुटल्या, "ती तर कोनाशी बोलतबी नव्हती." मी जुने पान काढून टाकले. नव्या पानावर लिहिले की सदर महिलेने स्वतःच वाच्यता केली. सह्या झाल्या. ते खोटे आहे. नाव मी लिहिले, मी वाचले, आणि दोष तिच्यावर मीच घातला.

टपरी बंद झाली, चोऱ्याही कमी झाल्या. तालुक्याला आमचे कौतुक झाले, तेव्हा मी सत्काराचा नारळ घेतला.

चार-पाच वर्षांनी मी चाळीसगावला गेलो. एसटीत सगळा वेळ एकच वाक्य जुळवत होतो. ती बहिणीच्या दारात शेवया वाळत घालत होती. मला ओळखून तिने डोक्यावर पदर घेतला, चहा ठेवला, गावाची चौकशी केली. नवऱ्याचे मात्र विचारले नाही. मग म्हणाली, "मास्तर, तुम्ही जीवले लाई लेऊ नका. तुमनी चूक नही. मी फक्त शेजारनीले सांगेल व्हतं. तिनीच घात करा. ती माले भेटाले इथलोंग उनी व्हती. मी दार उघडं नही."

शेजारीण म्हणजे तिच्याच माहेरची, लहानपणापासूनची मैत्रीण. त्या शेजारणीने कोणाला एक शब्दही सांगितला नव्हता. हे त्या घरात एकट्या मला माहीत होते.

वाक्य तोंडाशी आले. ती समोर उभी होती, ऐकायला मोकळी. मी बशीतला चहा संपवला आणि विचारले, "इकडे नळाला पाणी रोज येते का?"

"एक दिवस आड," ती म्हणाली.

मी बरे म्हणालो आणि उठलो.